शिंगाळा चावत नाही, टोचतो

...नाही हो, चावला नाही, टोचला. तुम्हाला सांगतो, हे एक वाक्य मी त्या दिवशी इतक्यांना ऐकवलं की शेवटी माझाच त्यावरचा विश्वास उडायला लागला. रिक्षावाला विचारतो, "मासा चावला?" दवाखान्यातला कंपाउंडर विचारतो, "मासा की कुत्रा? नीट आठवा." आता मासा आणि कुत्रा यांत घोळ घालीन असा दिसतो का मी? चावला नाही, टोचला!

मासा कुणाचा, तर आमच्या सासऱ्यांचा. निवृत्त झाल्यापासून गळ घेऊन नदीवर बसतात, रंगाच्या कारखान्याच्या खालच्या अंगाला, आणि लेकीला दिवस गेल्याचं कळल्यापासून तर रोज सकाळी बादलीत जिवंत शिंगाळा घेऊन दारात हजर. "जावईबापू, पोटुशीला ताकद पाहिजे." त्या माशाच्या मिशा बघितल्या की मला वाटायचं, आमचे हेडक्लार्कच बादलीत बसलेत... आणि लेक, म्हणजे आमची बायको, नोकरी काय करते? प्रयोगशाळेत माशांमधली विषं तपासते. आता बोला. वडिलांसमोर म्हणायची, "ठेवा बाबा, कालचा छान होता," आणि त्यांची पाठ वळली की मासा बर्फात घालून तपासायला न्यायची.

त्या दिवशी म्हणाली, "अहो, जरा धरा, निसटतोय." धरला. कल्ल्यामागच्या पराला करवतीसारखा काटा असतो, तो गेला की अंगठ्यात. काट्यावरच्या कातडीत विष असतं हे तिनं मला सांगितलं, पण नंतर. आमच्याकडे महत्त्वाचं सगळं नंतरच. हात खांद्यापर्यंत पेटला, आणि डॉक्टर थंडपणे विचारतात, "चावला कुठे?" काय सांगायचं? टोचला, डॉक्टर, टोचला...

त्यांनी काट्याचा तुकडा काढला आणि हात सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून बसवलं. हळूहळू कळ उतरली. बायको शेजारी बसून त्या पाण्याच्या तसराळ्याकडे बघत होती.

"याचं विष गरम पाण्यानं उतरतं," ती म्हणाली, "आपण नदीत सोडलेलं नाही उतरत. उकडा, तळा, पारा मांसातच राहतो. हा बिचारा तळाचं खातो आणि साठवतो. यकृतावर नुसते डाग, हो."

"मग बाबांना सांग की."

"कसं सांगू? त्यांना दुसरं काय देता येतं मला?"

मी पाण्यात बोटं हलवत बसलो.

घरी आलो तर सासरे पायरीवर. चेहऱ्यावर काळजी, पण आत अभिमान. "बघितलात दम? आजारी मासा असा चावेल का?"

"टोचला, बाबा," मी म्हटलं. सवयीनं.

आणि तिथंच, पायरीवर, तिनं सांगून टाकलं. पारा, डाग, पोटातलं बाळ, सगळं. ते ऐकत राहिले. मग एवढंच विचारलं, "म्हणजे एकही खाल्ला नाहीस?"

"नाही बाबा."

"तुम्हां दोघी बहिणींना याच नदीवर वाढवलं मी."

"तेव्हा कारखाना नव्हता, बाबा. पण आता तुम्हीही खाऊ नका. तुमचं रक्त तपासू आपण."

त्यांनी रिकामी बादली उचलली आणि निघाले. नंतर कितीतरी दिवस फिरकले नाहीत. ही रोज सकाळी कामाशिवाय दार उघडायची, बंद करायची. मला वाटलं, खरं बोलून आपण त्यांचं येणंच तोडलं की काय...

परवा आले. हातात टोपली, टोपलीत अंडी. "कोंबड्या पाळल्यात. घरच्या. आता तर चालेल?"

बायकोनं टोपली छातीशी धरली, डोळे पुसले, हसली, आणि मग, स्वभावाला औषध नाही हो, हळूच विचारलं, "बाबा, कोंबड्या पाणी कुठलं पितात?"

सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, बसा, चहा टाकतो. आत गेलो, पातेलं धरलं, नळ सोडला... आणि तुम्हाला सांगतो, नळाकडे बघत तसाच उभा राहिलो.