न सोडलेलं दावं

रंभाजी : ते ऱ्हाऊ दे. तू वाल्मिकला इकलेलं ते गेमचं मशीन बंद कशानं पडलं, एवढंच सांग.

प्रशांत : मशीन चांगलं आहे, तात्या. त्यातले गेम उघडत नाहीत.

रंभाजी : म्हंजी बैल चांगला, फक्त चालत न्हाई.

प्रशांत : तसं नाही. मी कंपनीच्या ऑनलाइन दुकानातून गेम घेतले, तेव्हाच ते माझ्या अकाउंटला जोडले गेले. दुसऱ्याच्या अकाउंटवर चालत नाहीत.

रंभाजी : पावती हाय न्हवं तुज्याकडं?

प्रशांत : आहे. पण कंपनी म्हणते, तुम्हाला फक्त खेळायची परवानगी दिली होती, विकायची नाही.

रंभाजी : मग तुज्या अकाउंटवरनं चालू करून द्यायचं.

प्रशांत : दिलं की. चार दिवस चाललं. मग कंपनीनं माझंच अकाउंट बंद केलं. आठ वर्षांत घेतलेले सगळे गेम गेले. मेल केला तर छापील उत्तर आलं, नियम मोडला म्हणून. माझं काय कमी नुकसान झालंय?

रंभाजी : तुजं रडगानं मागनं. काष्टीच्या बाजारात जनावर इकलं की आपन आपलं दावं सोडून घेतो. घेनारा त्याचं दावं बांधतो, मग ते जनावर त्याचं. तुज्या कंपनीनं इकलं आन् दावं हातातच धरून ठेवलं.

प्रशांत : हेच तर म्हणतोय मी.

रंभाजी : तुला हे आदी ठावं हुतं का?

प्रशांत : ऐकलं होतं. म्हटलं, गावात कोण बघायला येतंय.

रंभाजी : चाळीस वरसं दलाली केली मी. लाथ मारनारं जनावर असलं तर आदी सांगितलं, लाथ मारतं. खोड लपवून कुनाच्या दावनीला काय बांधलं न्हाई. वाल्मिकच्या घरात तर माज्याबिगर बैल आला न्हाई कदी. त्याला मी म्हनलो, माज्या पुतन्याचं हाय, डोळं झाकून घे. त्याच्या सृष्टीचा पाय प्लास्टरात, तीन म्हैने खाटंवर काढायचेत पोरीला.

प्रशांत : मी पैसे परत करतो त्यांचे.

रंभाजी : तेच घिऊन गेल्तो काल. वाल्मिकनं च्या पाजला. पैशे घेतले न्हाईत. म्हनला, असू द्या, तुमी तरी काय करनार. पोरगी भिताडाकडं तोंड करून पडल्याली.

प्रशांत : म्हणजे वाल्मिककाका चिडले नाहीत.

रंभाजी : चिडला असता तर बरं झालं असतं.

(रंभाजी खांद्यावरचं उपरणं काढून खुंटीला अडकवतो.)

प्रशांत : आज बाजार ना? लवकर आलात.

रंभाजी : व्हय. वाल्मिकनं बैलजोडी घेतली आज.

प्रशांत : चांगली मिळाली का?

रंभाजी : बरी वाटली. मी लांबनंच बगितली.