चाकामागचं लिंबू

चहा गार झाला तरी चालेल, पण आधी हे ऐका. आमचे हे तेव्हा नळदुर्गात ट्रकवर क्लीनर होते. मोठी गाडी चालवायचं लायसन मिळालं, की मालक त्यांच्या हाती ट्रक देणार होता. त्यासाठी मी अकरा मंगळवार धरले आणि परीक्षेच्या दिवशी तुळजाभवानीच्या पायाचं लिंबू घेऊन, जिथं उभा ट्रक वर काढून दाखवायचा होता, त्या चढावर गेले. चाकाखाली लिंबू चिरडलं म्हणजे इडापिडा टळते, ही आपली रीत.

परीक्षा घेणारे आरटीओचे साहेब पुढं उभे होते. म्हणून मी गुपचूप मागच्या चाकामागं लिंबू ठेवलं, घरंगळू नये म्हणून त्याला खडाही लावला. चढावर बैलगाडी निघताना आधी जरा मागं येतेच. ट्रकही येईल, असं माझं गणित.

तेवढ्यात साहेब मागं आले. "हे कुणी ठेवलं?"

"मी, साहेब."

"अच्छा हुआ भाभी, गाडी मागं येते का बघायला चाकामागं ठेवतो ती माझी काडेपेटी वाचली. ड्रायव्हर, गाडी निघताना मागं येऊन हे लिंबू चिरडलं, तर लायसन नाही!"

अगं आई, तुझंच लिंबू, आणि माझ्याच हातानं! नको चिरडू, नको चिरडू, म्हणत मी डोळे मिटले. उघडून पाहते तर ट्रक वर आणि लिंबू जसंच्या तसं.

"पास!" साहेब म्हणाले.

हे हसत खाली उतरले, पण मी लिंबाकडंच बघत राहिले. लिंबू तर अख्खंच राहिलं होतं!

मी पदर सावरून हात जोडले. "साहेब, पास लिहून दिलंत ना? मग यांना आता एकदा मागं येऊ द्या."