साडू नात्यात येत नाही

जबाब देणार : मयत चालकाची थोरली बहीण, वय ४७, धंदा नोकरी (मोटार कारखाना, संचालक मंडळाचं कार्यालय), राहणार कारखान्यामागची वसाहत, दुसरा मजला.

मी स्वतः हजर होऊन सांगते की, मयत हा माझा धाकटा भाऊ. तो त्याच कारखान्यात नव्या गाड्या चाचणीच्या रस्त्यावर चालवून पाहत असे. कंपनीचा कारभार स्वच्छ राहावा म्हणून मंडळाने गेल्या वर्षी नवी नियमावली केली. तिचा मसुदा माझा. गाडीत दोष दिसला तर कामगाराने थेट एका त्रयस्थ संचालकाला सांगायचं, त्याचं नाव गुप्त राहील आणि हा संचालक अध्यक्षांचा नातेवाईक नसेल, असं त्यात आहे.

नातेवाईक कोणाला म्हणायचं हे ठरताना मी बैठकीत विचारलं, "साडू घालायचा का?" अध्यक्ष म्हणाले, "बाई, साडू कसला नातेवाईक? तो तर समदुःखी!" सगळे हसले. पुढच्याच बैठकीत त्यांचे साडू त्रयस्थ संचालक झाले. कुंपणच शेत खातं म्हणतात. इथे ते कुंपण रीतसर ठराव करून घातलं.

महिन्यापूर्वी जेवताना भाऊ म्हणाला, "ताई, उतारावर ब्रेक मऊ लागतोय. आमचे साहेब म्हणतात, गाडी बाजारात आणायची तारीख ठरलीय, गप बस." तो त्रयस्थाकडे जाणार होता. मी म्हटलं, "त्या माणसाकडे जाऊ नकोस." तो म्हणाला, "अगं, नियम तूच लिहिलास ना?"

तो साडूंना एकटा भेटून आला. त्याच संध्याकाळी अध्यक्षांनी मला विचारलं, "तुमच्या भावाला ब्रेकची फार काळजी दिसते?" त्यांना कोणी सांगितलं, हे मी विचारलं नाही. कळायचं ते कळलं.

परवा सकाळी चाचणीच्या साहेबांनी सर्वांसमोर त्याला तीच गाडी उतारावर न्यायला लावली. भाऊ म्हणाला, "आधी ब्रेक उघडून बघा." साहेब म्हणाले, "भित्र्यांना इथे काम नाही." हे त्याच्या सोबत्याने मला सांगितलं. तो इथे यायला तयार नाही, त्याला मुलं आहेत. गाडी उताराखालच्या भिंतीवर आदळली. भाऊ जागीच गेला.

कंपनीने चालकाची चूक म्हणून कळवलं आहे. काल अध्यक्ष घरी आले आणि आईला म्हणाले, "मला तुमचा मुलगाच समजा." नातेवाईक व्हायला त्यांना इतका कमी वेळ लागतो, हे मला माहीत नव्हतं. आईने त्यांना दार दाखवलं.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात "चालकाचा ताबा सुटून" असे शब्द होते. ते मी सांगितलेले नाहीत. ते खोडायला लावले, खोडलेल्या जागी सही केली. आता बरोबर आहे.