जयराजच्या सॉफ्टवेअरची तपासणी

...न्हाई, पण मला सांगा, तपासणीला दुसरं कुणी घावलंच न्हाई व्हय ह्यास्नी? अख्ख्या सांगलीत काय वकिलांचा दुष्काळ पडलाय? आता मी कोर्स केलाय सॉफ्टवेअरच्या कायद्याचा, खोटं कशाला बोलू... पण म्हणून जयराजचंच काम माझ्या बोकांडी? जयराज म्हंजी आमच्या तासगावाकडचाच, बांधाला बांध लागल्याला, पहिलीपास्नं एका वर्गात! त्यानं द्राक्षं वाळवायच्या बेदाणा शेडसाठी सॉफ्टवेअर काढलंय. पाऊस यायच्या आत मोबाईल बोंबलतोय, "पडदे सोडा! पडदे सोडा!" आणि कोड सगळा उघडा ठेवलाय बरं का, कुणीबी बघा, कुणीबी वापरा, फुकट! आता फुकट वाटल्यावर लोकं वाहवा करणारच की! पण तुमास्नी सांगतो, आपण जळत न्हाई.

आमची आई मातूर रोज चहाबरोबर सुरू, "त्या जयराजला जर्मनीतनं फोन येत्यात. तुला विट्यातनं तरी येतोय का रं?"

तर जर्मनीची एक संस्था म्हणाली, आमी हे सॉफ्टवेअर जगभर नेतो, पण आधी कायदा आणि कारभार नीट हाय का कुणीतरी बघून सांगा. कोण बघणार? मी! म्हटलं, देव हाय गड्या! आता ह्याला नापासच करतो... अगदी कायद्याला धरून!

बसलो. लायसन बघितलं... हाय. दुसऱ्याचा कोड घेतलाय, त्यांची नावं? हायत. साताऱ्याच्या शिवांजलीनं चार ओळी लिवल्या, तर तिचीबी लेखी परवानगी! आरं, एवढं सरळ वागतंय का कुणी? माझं टाळकंच सटकलं. पण आपण जळत न्हाई हां.

आणि मग घावलं! कारभाराच्या नियमात! निर्णय घेणारी पाच माणसं, पाचच्या पाच भावकीतली, आणि खाली चक्क लिवलंय, "मतभेद झाल्यास आकारामकाका म्हणतील ते." काका म्हंजी जयराजचा चुलता, फोन कानाला उलटा धरणारा माणूस! मी ताडदिशी अहवाल ठोकला, भावकीबाहेरचा, जयराजला भुलणार न्हाई असा एक तरी माणूस पायजे, न्हाईतर नामंजूर! म्हटलं, आण आता कुठनं आणतोस ते. सगळं गाव तर तुझं गुणगान गातंय!

ऑनलाईन बैठक लागली. जर्मनीच्या मॅडमनं इचारलं, असा कोण हाय का? जयराज गालात हसत म्हणाला, "हाय की. ह्यो काय, वकील!" मॅडम म्हणाली, ह्यो जयराजला भुलणार न्हाई कशावरनं? तवा आकारामकाका पुढं सरकलं, "आवं बाई, शाळंपास्नं जळतोय ह्यो आमच्या पोरावर! जयराज बोर्डात आला, तवा ह्यानं तोंडातला पेढा काढून कुत्र्याला घातला हुता!" मॅडमसाठी दुभाषी म्हणून बसल्याली शिवांजली, तिनं ते इंग्रजीत सांगितलं... कुत्र्यासकट! मी वरडलो, "आपण जळत न्हाई!" काका म्हणालं, "बघा, तवाबी असंच म्हणला हुता." मॅडम लय खूश. सॉफ्टवेअर मंजूर, आणि कमिटीत मीबी मंजूर!

सोडून द्यावं, तर आईनं गावभर सांगितलंय, "आमचं पोरगंबी जर्मनीच्या कमिटीत हाय!" जन्मात पहिल्यांदा कौतुक झालंय हो माझं... आणि मॅडमनं बजावलंय, जयराजशी गट्टी जमली की पद गेलं! म्हंजी आता काय, कमिटीची मुदत संपस्तवर तीन वर्सं जळायचं... नेमानं, आणि तेबी बिनपगारी!