कुंपणाजवळची ओळ

आपल्या हाताने अंजिरं तोडून घ्यायच्या त्या बागेत मी वजनाच्या रांगेत उभा होतो. पुढच्या बाईंनी आपली टोपली काट्यावर ठेवली. काट्यापाशी मालकांची सून होती.

“ही कुंपणाजवळच्या ओळीतली दिसतात.”

“हो. नुसती लगडली होती, आणि कोणी हातच लावत नव्हतं.”

“पाटी पडली वाटतं पुन्हा. ती ओळ पाखरांची आहे, मावशी. ती झाडं सगळ्यांच्या आधी पिकतात, म्हणून सासऱ्यांनी मुद्दाम तिथे लावलीत.”

“अख्खी ओळ पाखरांना?”

“पोटभर खातात आणि सगळ्या बागेतल्या अळ्या वेचतात. अकरा वर्षं झाली, आम्ही फवारणीचा पंप माळ्यावरून काढलेला नाही.”

“अगं बाई. म्हणजे मी त्यांच्या तोंडचा घास काढला की.”

“असू द्या, न्या आता.”

“छे. झाडाखाली ठेवून येते. चालेल ना?”

“चालेल. फक्त तिसऱ्या झाडापाशी हळू जा. पिल्लं कालच अंड्यांतून बाहेर आलीत.”

बाईंनी चपला काढून हातात घेतल्या. तेवढ्यात मागे कोणाचा तरी फोन वाजला.

“बंद करा तो,” रांगेतले तीन-चार जण एकदम कुजबुजले.