बाजाराच्या दिवशीचा भात

तुम्ही हसाल, पण धाकटी झाल्यावर माझं वजन इतकं वाढलं, की तिला मांडीवर घेऊन बसले की उठताना गुडघे रडवायचे. गडचिरोलीच्या डॉक्टरांनी भात बंद केला. भाताशिवाय दूध आटेल, या धास्तीनं माझा चेहरा पडला, तेव्हा म्हणाले, "बरं, बाजाराच्या दिवशी तेवढा खा."

आमच्या गावचा बाजार रविवारी. सोमवारी मी भाकर घेऊन बसले, तर सासूबाईंनी ताटात भात वाढला.

"आत्याबाई, बाजार तर काल झाला!"

"आपला झाला वो. आज सावली गावचा हाये. थो बाजार नाई का?"

मंगळवारी तिसऱ्याच गावचा निघाला. मी मॅट्रिक झालेली, वाद घालायला हवा होता. पण भात गरम होता.

महिन्यानं डॉक्टरांनी विचारलं, "गुडघे तसेच कसे?" सोबत आलेल्या सासूबाईंनीच सगळे बाजार सांगितले.

"आन् शुक्रवारी कुठीच बाजार नाई, डॉक्टरसाहेब. त्या दिवशी बिचारी नुसत्या भाकरीवर राह्यते." मग आवाज खाली आणून त्यांनी काळजीनं विचारलं, "आठवड्यातून एक दिवस असं केल्यानं तिले काई नुकसान तं नाई ना होनार?"