वास गेला

जबाब देणार: वय २६ वर्षे, व्यवसाय नोकरी, नगरपालिकेच्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात केमिस्ट, राहणार केंद्राच्या आवारातील खोली क्रमांक दोन.

ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, ता. ४ रोजी केंद्रात घडले ते असे:

१. सकाळी ११.०५. पंपघरातील विहिरीची, म्हणजे गावाचे मैलापाणी प्रथम येऊन पडते त्या खोल टाकीची, जाळी तुंबली.
२. ११.२२. ऑपरेटरने झाकण उघडून हवेचा पंखा लावला.
३. ११.३०. त्यांनी मला प्रयोगशाळेत फोन केला.
४. ११.३४. त्यांनी दुसऱ्यांदा फोन केला. त्यानंतर ते विहिरीत उतरले.
५. ११.४१. ते शिडीखाली पडल्याचे फिटरने कळवले.
६. ११.५८. अग्निशमन दलाने त्यांना वर काढले. ते मयत होते.

मयत ऑपरेटरना सगळे काका म्हणत. वय ५६. विहिरीत उतरण्याआधी पंखा अर्धा तास चालवायचा आणि वायुमापकाने तपासायचे, असा नियम आहे. वायुमापक आधीच्या महिन्याच्या ता. २६ पासून दुरुस्तीला आहे. ते मीच पाठवले. बदली यंत्र मी मागितले नाही. काकांचे नाक आहे, असे आम्ही धरून चाललो होतो.

काका वासावरून टाकीची तब्येत सांगत आणि ते बहुतेक वेळा खरे निघे. मला म्हणत, "तुझ्या यंत्राला चार्जिंग लागतं, ताई. माझं नाक चहावर चालतं."

पहिल्या फोनवर ते म्हणाले, "आज लईच मारतंय. डोळे चुरचुरायला लागलेत." मी थांबायला सांगितले. चार मिनिटांनी म्हणाले, "वास गेला."

मी विचारले, "नक्की?"

"आता माझ्या नाकावर पण शंका?"

मी हसले. "बरं, उतरा," म्हणाले आणि नोंदवहीत लिहिले: ११.३४, वास नाही.

विहिरीतला वायू थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढले की तोच वायू नाक बधिर करतो आणि वास येणे बंद होते. वायू जात नाही. हे मला पदविकेच्या दुसऱ्या वर्षापासून माहीत आहे. काकांना मी ते कधी सांगितले नव्हते. नाकाचे कौतुक झाले की ते खूश होत, म्हणून राहून गेले. तो पंखा बारा मिनिटांत ती विहीर मोकळी करू शकत नाही, हेही मला माहीत होते.

ता. ६ रोजी मी काकांच्या घरी गेले. काकूंनी विचारले, "घाई केली का गं यांनी? केंद्राचे साहेब तसं म्हणत होते." मी पाणी प्यायले आणि निघाले. उत्तर दिले नाही. ते येथे देत आहे. घाई त्यांनी केली नाही. त्यांनी दोनदा विचारले.

जबाब घेणारे हवालदार म्हणाले, "मॅडम, तुम्ही तर प्रयोगशाळेत होतात. स्वतःला कशाला गुंतवता?" फोन माझ्याकडे आला होता, असे मी सांगितले.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात "वास येत नसल्याचे मयताने सांगितले" असे आले होते. काकांचे शब्द "वास गेला" असे होते. तेवढे बदलून घेतले. बाकी मी सांगितले तसेच आहे. सही केली आहे.

या जबाबाची प्रत मी केंद्राच्या साहेबांना देत आहे. केंद्राच्या अहवालात "मयत कोणासही न विचारता, स्वतःच्या घाईने उतरला" असे वाक्य आहे. अहवाल ता. २० रोजी नगरपालिकेकडे जाणार आहे. ते वाक्य काढून "केमिस्टने परवानगी दिल्यावर उतरला" असे घालावे आणि नोंदवहीचे पान सोबत जोडावे. तसे केले की नाही, याचे लेखी उत्तर ता. १९ पर्यंत द्यावे. उत्तर माझ्या नव्हे, काकूंच्या पत्त्यावर पाठवावे.